सागरतळावरील एकपेशीय वस्ती



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेला हा कारखान्यांचा मुलूख सह्याद्रीच्या माथ्याच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून अधिक उंचीवर वसला आहे. येथें पाया खणतांना काळा पत्थर लागतो. शंखशिंपले लागत नाहींत. तेव्हां ह्या मुलुखांतील कुटुंबांना समुद्रतळावरील सूक्ष्म जीवांची माहिती कशासाठीं हवी, असें कोणी विचारलें तर तो प्रश्न अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. पण नकाशा उघडून पाहिला म्हणजे त्याचें उत्तर सांपडतें. पवना, इंद्रायणी आणि भामा ह्या येथील नद्या. त्या घाटमाथ्याजवळ उगम पावतात. परंतु जवळचा अरबी समुद्र सोडून पूर्वेकडे वळतात. त्यांचें पाणी शेवटीं भीमेंत, भीमेचें कृष्णेंत आणि कृष्णेचें बंगालच्या उपसागरांत जातें. उलट, येथील कारखान्यांत तयार झालेल्या मोटारी आणि यंत्रें बोरघाट उतरून मुंबईच्या व न्हावाशेव्याच्या बंदरांत जातात आणि तेथून परदेशीं रवाना होतात. पाणी एका समुद्राकडे आणि माल दुसऱ्या समुद्राकडे, अशी ही वांटणी आहे. दोन्ही किनाऱ्यांवर आपल्या उद्योगाची कांहीं ना कांहीं खूण उमटत असते. ती खूण जे जीव आपल्या अंगावर नोंदवून ठेवतात, त्यांची ओळख करून घेणें हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या जीवांना शास्त्रीय भाषेंत फोरॅमिनिफेरा असें नांव आहे. 'छिद्र' आणि 'धारण करणें' ह्या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांपासून तें बनलेलें आहे. त्यांच्या कवचांत एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत जाण्यासाठीं छिद्रें असतात, त्यांवरून हें नांव पडलें. आपण त्यांना सोईसाठीं छिद्रधारी म्हणूं. छिद्रधाऱ्याचें सारें शरीर एकाच पेशीचें असतें. त्याला तोंड नाहीं, पोट नाहीं, हातपाय नाहींत आणि मज्जातंतूही नाहींत. तरी तो चालतो, भक्ष्य पकडतो, घर बांधतो आणि वाढत्या वयाबरोबर त्या घराला नव्या खोल्या जोडतो. कवचाच्या छिद्रांतून तो आपल्या जीवरसाचे केसाहून बारीक धागे बाहेर सोडतो. ते एकमेकांत गुंतून कोळ्याच्या जाळ्यासारखें एक जाळें तयार होतें. ह्या जाळ्यांत जीवाणु, सूक्ष्म शेवाळीं आणि कुजलेल्या वनस्पतींचे कण अडकतात; तेंच त्याचें अन्न. त्याच धाग्यांच्या आधारानें तो गाळांतून हळूहळू पुढें सरकतो. त्याचें आयुष्य कांहीं आठवड्यांचें, क्वचित् एकदोन वर्षांचें असतें.

बहुतेक छिद्रधारी मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात. एका मिलिमीटराच्या दहाव्या भागापासून एका मिलिमीटरापर्यंत, असें त्यांचें सर्वसाधारण आकारमान आहे. परंतु सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्यांच्या कवचांचे घाट पाहिले म्हणजे मन थक्क होतें. कांहीं चकलीसारखीं वेटोळीं घातलेलीं, कांहीं वेणीसारखीं दुपेडी गुंफलेलीं, कांहीं लांबट सुरईसारखीं, तर कांहीं लसणाच्या कुड्या एकमेकींना चिकटवाव्या तशीं. घर बांधण्याचें साहित्यही सर्वांचें सारखें नसतें. कांहीं जाती तळावरील वाळूचे बारीक कण वेंचून ते एका चिकट द्रव्यानें सांधतात व त्यांच्या भिंती उभ्या करतात. कांहींचीं कवचें चुन्याचीं, पण चिनी मातीच्या भांड्यासारखीं पांढरीं व गुळगुळीत असतात. कांहींचीं चुन्याचींच, परंतु कांचेसारखीं पारदर्शक आणि असंख्य बारीक रंध्रांनीं भरलेलीं असतात. साहित्याचा हा भेद लक्षांत ठेवावा. कारण कोणता जीव कोठें राहूं शकेल हें पुष्कळ अंशीं त्यावरच ठरतें.

आज जिवंत असलेल्या छिद्रधाऱ्यांच्या सुमारें ९,००० जाती शास्त्रज्ञांनीं नोंदविल्या आहेत. त्यांतील पन्नासेक जाती समुद्राच्या वरच्या थरांत तरंगत जगतात. बाकीच्या सर्व तळावर किंवा तळाच्या गाळांत राहतात. ही वस्ती किनाऱ्यावरील खाजणापासून प्रशांत महासागरांतील मॅरिआना गर्तेच्या तळापर्यंत, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर खोलीपर्यंत पसरली आहे. सर्वच जाती लहान असतात असेंही नाहीं. खोल समुद्रांतील कांहीं जाती एकपेशी असूनही वीतभर वाढतात. पृथ्वीवर ह्या कुळाचें अस्तित्व सुमारें ५० कोटी वर्षांपासून आहे.

मनुष्याची त्यांच्याशीं ओळख मात्र फार धिम्या गतीनें झाली. प्राचीन ग्रीक भूगोलज्ञ स्ट्राबो ह्यानें ईजिप्तमधील पिरॅमिडांजवळ मसुरीच्या डाळीसारखे दगडी तुकडे पाहिले. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणांतील उरलेलें धान्य दगड होऊन पडलें आहे, असें तेथील लोक सांगत. स्ट्राबोला मात्र तें पटलें नाहीं. ते तुकडे म्हणजे न्यूम्युलाइट नांवाच्या मोठ्या छिद्रधाऱ्यांचीं अश्मीभूत कवचें होतीं. ज्या चुनखडकाचे पिरॅमिड झाले तो खडकच ह्या कवचांनीं भरलेला आहे. पुढें १८२६ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ द'ऑर्बिन्यी ह्यानें ह्या जीवांना आजचें नांव दिलें. पण ते माखलीच्या वर्गांतील, मृदुकाय प्राणी असावेत अशी त्याची समजूत होती. १८३५ सालीं दुजार्दें ह्या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञानें जिवंत नमुने पाहून त्यांची शरीररचना अगदीं साधी असल्याचें दाखवून दिलें. 'चॅलेंजर' जहाजानें १८७२ ते १८७६ ह्या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा करून सागरतळाचे जे नमुने आणले, त्यांवरून ब्रेडी ह्यानें १८८४ सालीं जो सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अद्यापि ह्या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो.

ह्या इतिहासांत मुंबईचेंही एक पान आहे. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत मुंबईस शल्यवैद्य होते. वैद्यकी सांभाळून त्यांनीं पश्चिम हिंदुस्थानचे खडक, गोड्या पाण्यांतील स्पंज आणि छिद्रधारी जीव ह्यांचा अभ्यास केला. अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या 'पालिन्युरस' जहाजावर ते होते. त्या किनाऱ्यावर मिळालेल्या ऑपर्क्युलिना नांवाच्या छिद्रधाऱ्याच्या कवचाच्या रचनेवर त्यांनीं १८५२ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्याआधीं, १८४९ सालीं, त्यांनीं सौराष्ट्रांतील एका पिवळसर चुनखडकाला मिलिओलाइट हें नांव दिलें. कारण त्यांत मिलिओला ह्या छिद्रधाऱ्याचीं आणि त्याच्या भाऊबंदांचीं कवचें विपुल आढळतात. हा खडक म्हणजेच पोरबंदरचा दगड. मुंबईंतील कित्येक जुन्या इमारतींत तो वापरलेला आहे. त्या इमारतींखालून रोज जाणाऱ्या हजारों लोकांना, आपल्या शेजारच्या भिंतींत समुद्रांतील एकपेशी जीवांचीं घरें बसविलेलीं आहेत, ह्याची कल्पनाही नसेल.

आतां ह्या जीवांची शिरगणती कशी करतात तें पाहूं. होडींतून एक झडपेचें खोरें दोरानें तळाशीं सोडतात. तें मिटलें म्हणजे तळाचा थोडासा गाळ त्यांत येतो. ह्या गाळाचा सर्वांत वरचा, सुमारें एक सेंटिमीटर जाडीचा थर वेगळा काढतात, कारण जिवंत वस्ती मुख्यतः तेथें असते. तो रोझ बंगाल नांवाच्या गुलाबी रंगांत भिजवून ठेवतात. ज्या कवचांत जीवरस असेल त्यांना रंग चढतो; रिकामीं कवचें कोरींच राहतात. अशा रीतीनें जिवंतांची व मृतांची वेगवेगळी मोजदाद करतां येते. ही पद्धति १९५२ पासून सर्वत्र रूढ झाली. नंतर तो गाळ मिलिमीटराच्या सोळाव्या भागाएवढ्या भोकांच्या चाळणीवर धुतात. चिखल वाहून जातो व कवचें आणि वाळू मागें राहते. मग सूक्ष्मदर्शकाखालीं ओल्या कुंचल्याच्या टोंकानें एकेक कवच उचलून त्याची जात ठरवावयाची. सामान्यतः एका नमुन्यांतून ३०० कवचें मोजावयाचीं. ह्या कामास खर्चिक उपकरणांपेक्षां तयार नजर आणि चिकाटी अधिक लागते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही मोजणी करीत खाडीच्या मुखापासून खोल समुद्राकडे निघालें, तर वाटेंत वस्तीचे अनेक मोहल्ले लागतात. पहिला मोहल्ला तिवरांच्या रानांतला. भरतीचें खारें पाणी येथें येतें आणि ओहोटीला चिखल उघडा पडतो. पानें कुजून चिखल आंबट होतो व त्या आंबटपणांत चुन्याचीं कवचें विरघळून जातात. म्हणून येथें वाळूच्या कणांनीं घर बांधणारे ट्रॉकॅमिना, मिलिॲमिना ह्यांसारखे रहिवासी वरचढ ठरतात. दुसरा मोहल्ला खाडीच्या पात्रांतला. मांडवी आणि झुवारी ह्यांसारख्या खाड्यांत उन्हाळ्यांत पाणी समुद्रासारखें खारें असतें आणि मृगापाठोपाठ पुराचें गोडें पाणी भरतें. एवढा फेरबदल थोड्याच जातींना सोसतो. त्यांत वेटोळ्या कवचाचे ॲमोनिआ आणि एल्फिडिअम अग्रेसर आहेत. येथें जाती थोड्या असतात, पण टिकणाऱ्या जातींची संख्या मात्र मोठी असते.

खाडी ओलांडून उघड्या समुद्रांत आलें म्हणजे खंडाची पाण्याखालीं गेलेली उथळ फळी सुरू होते. डहाणूसमोर तिची रुंदी ३०० किलोमीटरांहून अधिक आहे. दक्षिणेकडे ती अरुंद होत जाऊन कोचीनसमोर साठेक किलोमीटर उरते. किनाऱ्याकडून सुमारें ५० ते ६० मीटर खोलीपर्यंत तिच्यावर नद्यांनीं आणलेला मऊ गाळ आहे. गाळांत अन्न भरपूर, पण प्राणवायु कमी. म्हणून तेथें नोनिअन, ब्युलिमिना, बोलिव्हिना ह्यांसारख्या गाळांत राहणाऱ्या जाती आढळतात. त्यापलीकडे वाळूचा प्रदेश लागतो. ही वाळू आजची नाहीं. हिमयुगाच्या अखेरीस समुद्राची पातळी शंभर मीटरांहूनही अधिक खालीं होती, तेव्हांचा किनारा तेथें होता. मुंबईसमोरील अशा एका बुडालेल्या सपाटीला दर्यावर्दी लोक 'फिफ्टी फॅदम फ्लॅट', म्हणजे ५० वाव खोलीची सपाटी, असें म्हणतात. तेथील वाळूंत उथळ, स्वच्छ पाण्यांत राहणाऱ्या ॲम्फिस्टेजिना, ऑपर्क्युलिना ह्यांसारख्या जातींचीं जुनीं कवचें सांपडतात. जुनी वस्ती समुद्र वर चढल्यामुळें उठून गेली. घरें तेवढीं मागें राहिलीं.

फळीची कड संपली कीं उतार लागतो आणि तेथें अरबी समुद्राचें एक खास वैशिष्ट्य दिसतें. सुमारें १५० मीटरांपासून हजारएक मीटर खोलीपर्यंत ह्या समुद्रांत प्राणवायु अतिशय विरळ आहे. मासे व खेकडे जेथें तग धरूं शकत नाहींत, तेथें कांहीं छिद्रधारी दाटीनें राहतात. ते कसे जगतात ह्याचा एक उलगडा २००६ सालीं झाला. प्राणवायु संपला असतां कांहीं जाती पाण्यांतील नायट्रेट साठवून त्यावर श्वसन करूं शकतात, असें युरोपांतील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. तोंवर ही शक्ति जवळजवळ सर्वस्वीं जीवाणूंचीच समजली जात असे. ह्याच्या उलट टोंकाला लक्षद्वीपचीं प्रवाळबेटें आहेत. तेथें कित्येक छिद्रधारी आपल्या कवचांत सूक्ष्म शेवाळीं पाळतात आणि त्यांनीं सूर्यप्रकाशांत तयार केलेल्या अन्नावर पोसले जातात. अशा बेटांच्या पांढऱ्या वाळूंत त्यांच्या कवचांचा मोठा वांटा असतो.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येईल. प्रत्येक जातीला खारेपणा, खोली, उष्णता, प्राणवायु आणि अन्न ह्यांचें ठराविक मान मानवतें. म्हणून तळाच्या मूठभर गाळांत कोणत्या जाती किती प्रमाणांत आहेत, हें कळलें म्हणजे तेथील पाणी कसें आहे तें सांगतां येतें. आणि जीव मेल्यावर कवच गाळांत तसेंच राहत असल्यामुळें, खालच्या थरांतील कवचांवरून तेथील पाणी पूर्वीं कसें होतें तेंही सांगतां येतें. तळांत लांब नळी ठोकून गाळाचा उभा स्तंभ वर काढला कीं कालक्रमानें लावलेली बखरच हातीं येते. फक्त ती खालून वर वाचावी लागते.

ह्या वाचनाचीं कांहीं उदाहरणें आपल्याच किनाऱ्यावर आहेत. गोव्यांत दोना पावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचें मुख्य ठिकाण आहे. ही संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञ डॉ. राजीव निगम आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं कारवारजवळ, काळी नदीच्या मुखासमोरील गाळ तपासला. पाऊस अधिक झाला म्हणजे नदीचें गोडें पाणी समुद्रांत दूरवर पसरतें, आणि गोलसर घाटाच्या व कोनदार घाटाच्या छिद्रधाऱ्यांचें परस्पर प्रमाण त्याप्रमाणें बदलतें. ह्या प्रमाणावरून त्यांनीं मागील काळांतील पावसाचा अंदाज बांधला आणि अवर्षणांचें सुमारें ७७ वर्षांचें एक आवर्तन असावें, असा निष्कर्ष १९९५ सालीं मांडला. पर्जन्यमापकांच्या नोंदी ज्या काळापर्यंत पोंचत नाहींत, त्याच्याही पलीकडचा पाऊस मोजण्याचा हा मार्ग आहे.

दुसरें उदाहरण पुराणवस्तुशास्त्रांतलें. गुजराथेंत लोथल येथें हडप्पा संस्कृतीचा विटांनीं बांधलेला एक मोठा चौकोनी हौद सांपडला. कांहीं पंडित त्याला गोदी म्हणत, तर कांहीं गोड्या पाण्याचा तलाव. निगम ह्यांनीं तेथील गाळ तपासला असतां त्यांत समुद्रांतील छिद्रधाऱ्यांचीं कवचें मिळालीं. तेव्हां त्या हौदाचा समुद्राशीं संबंध होता, ह्या मताला १९८८ सालीं बळकटी आली. वाद अगदींच मिटला असें नाहीं. पण ज्या साक्षीला कोणाचाही पक्ष नाहीं अशी साक्ष पुढें आली.

आपल्या पायांखालच्या काळ्या पत्थराचें वयही ठरविण्यास ह्या कुळानें साह्य केलें आहे. दख्खनचा लाव्हारस वाहत जाऊन पूर्व किनाऱ्यावर राजमहेंद्रीपर्यंत पोंचला होता. तेथें लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्यें समुद्री गाळाचा थर आहे आणि त्यांत तरंगत्या छिद्रधाऱ्यांचीं कवचें आहेत. त्यांवरून, दख्खनच्या ज्वालामुखींच्या मुख्य उद्रेकाचा शेवट आणि सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा महासंहार, ज्यांत डायनोसॉर नाहींसे झाले, हे एकमेकांच्या अगदीं जवळ येतात असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें दाखविलें. खनिज तेलाच्या शोधांतही ह्या कवचांचा उपयोग मोठा आहे. १९७४ सालीं 'सागर सम्राट' ह्या जहाजानें मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत तेल शोधून काढलें. तें मुख्यतः मायोसीन काळांतील चुनखडकांत सांठलेलें आहे. अशा विहिरी खणतांना वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्यांत मोठे जीवाश्म शाबूत राहत नाहींत; छिद्रधारी लहान असल्यानें राहतात. त्यांची जात ओळखली म्हणजे छिन्नी कोणत्या काळाच्या थरांत पोंचली आहे, तें समजतें.

आतां प्रारंभींच्या मुद्द्याकडे वळूं. उद्योगधंद्यांच्या सांडपाण्याचा ह्या वस्तीवर काय परिणाम होतो? सामान्यतः असें दिसतें कीं, जेथें घाण पाणी पडतें तेथें जातींची संख्या घटते. नाजूक जाती नाहींशा होतात आणि एकदोन सोशिक जाती भरमसाट वाढतात. विषारी धातूंचा अंश असेल तर कवचांतही विकृति दिसते: एखादा कप्पा वेडावांकडा होतो किंवा वेटोळ्याची दिशाच चुकते. परंतु निसर्गांत अनेक कारणें एकत्र काम करीत असतात, म्हणून गोव्याच्या प्रयोगशाळेंत ह्याची मुद्दाम परीक्षा घेण्यांत आली. रोझालिना लीआय ह्या जातीचे जीव कांचेच्या भांड्यांत पाळून त्यांच्या पाण्यांत पाऱ्याचें प्रमाण हळूहळू वाढविलें. त्यांची वाढ खुंटली आणि नव्या कप्प्यांत विकृति आली; हा प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाला. ठाण्याच्या परिसरांत उल्हास नदीच्या खाडींतील गाळांत पारा सांपडल्याच्या नोंदी आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही परीक्षा केवळ कुतूहलाची नव्हती हें पटेल. मांडवी-झुवारी खाड्यांत लोहखनिजाच्या पडावांची वाहतूक वाढून पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां वेगवेगळ्या वर्षीं घेतलेल्या नमुन्यांची तुलना करण्यांत आली. तींत सजीव जातींची संख्या पूर्वींपेक्षां घटल्याचें आढळलें.

येथें एक सावधगिरी मात्र हवी. खाडींत जाती थोड्या आणि सोशिक असणें हें नैसर्गिकही आहे. तें आपण मघांच पाहिलें. पुराचें गोडें पाणी जें करतें, तेंच कारखान्याचें पाणीही करतें. तेव्हां आजची एक यादी पाहून 'ही खाडी बिघडली' असा निवाडा देतां येत नाहीं. पूर्वींची यादी शेजारीं ठेवावी लागते. ती कोठून आणावयाची? एक तर ज्यांनीं पन्नास-साठ वर्षांपूर्वीं चिकाटीनें मोजणी केली, त्यांच्या वह्यांतून. नाहीं तर गाळाच्या खालच्या थरांतून, जेथें कारखाने येण्यापूर्वींची वस्ती जशीच्या तशी पुरलेली आहे. जगांत दुसऱ्या फार थोड्या जीवांनीं आपल्या आरोग्याचा जुना दाखला असा घरीं जपून ठेवला आहे. २०१२ सालीं अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं एकत्र येऊन किनाऱ्यांच्या परीक्षेसाठीं छिद्रधाऱ्यांची मोजणी कोणत्या समान रीतीनें करावी, ह्याचे नियम ठरविले, ते ह्याच भरंवशावर.

पण हा दाखला कायम टिकेल असें मानूं नये. बंदरांतील जहाजांचे मार्ग खोल करण्यासाठीं तळ उपसला जातो, तेव्हां ही बखर मधलीं पानें फाडल्यासारखी तुटते. खाजणांत भराव पडला म्हणजे ती कायमची झांकली जाते. आणखी एक धोका जहाजांच्याच पोटांतून येतो. माल उतरलेलें जहाज तोल सांभाळण्यासाठीं एका बंदराचें पाणी भरून घेतें आणि दुसऱ्या बंदरांत तें सोडतें. त्याबरोबर तळाचा गाळ व त्यांतील जीवही प्रवास करतात. जपानच्या किनाऱ्यावरील ट्रॉकॅमिना हदाई हा छिद्रधारी १९८३ सालीं अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरांत प्रथम आढळला आणि पुढें तेथें जोरानें फैलावला. परकीं पाहुणीं ओळखावयाचीं तर घरचीं माणसें आधीं मोजलेलीं असावीं लागतात. २००० ते २००४ ह्या काळांत अशा तोलजलाच्या प्रश्नासाठीं जगांतून जीं सहा प्रात्यक्षिक स्थळें निवडलीं गेलीं, त्यांत मुंबई बंदर होतें. आपल्या घाटमाथ्यावरून खालीं उतरणारा माल ज्या जहाजांवर चढतो, तींच जहाजें हें पाणी वाहून आणतात व नेतात.

पूर्व किनाऱ्याकडील हिशेब अधिक लांबचा आहे. पवना-इंद्रायणींत आपण जें सोडतों, त्यांतील बराचसा गाळ वाटेंत उजनीसारख्या धरणांच्या तळाशीं बसतो. पण जें पाण्यांत विरघळतें तें पुढें वाहत जातें. धरणांत अडलेला गाळ कृष्णेच्या मुखाशीं पोंचत नाहीं, हाही तेथील तळाच्या वस्तीच्या दृष्टीनें एक बदलच आहे. कारण ज्या गाळावर ती वसते, तोच कमी होतो. नदी जेथें संपते तेथील रहिवाशांना वरच्या गांवांचीं नांवें ठाऊक नसतात, पण त्यांच्या करणीचा भार त्यांच्यावर पडल्यावांचून राहत नाहीं.

छिद्रधाऱ्यांवर गाळांतील किडे, झिंगे आणि लहान मासे जगतात आणि त्यांवर मोठे मासे. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यांतील मासळीचा पाया त्यांच्यापर्यंत जाऊन भिडतो. एवढ्यानेंही त्यांची मोजदाद करण्याचें सार्थक झालें असतें. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, किनारा बिघडला कीं नाहीं, किती बिघडला, आणि सुधारण्यासाठीं आपण खर्च केल्यावर खरोखर सुधारला कीं नाहीं, हें विचारण्यासाठीं असा निःपक्षपाती साक्षीदार दुसरा मिळणें कठीण. त्याची साक्ष घेण्यास सूक्ष्मदर्शक, चाळणी आणि शिकलेली नजर एवढें पुरतें. यंत्रें ह्या मुलुखांत पुष्कळ तयार होतात. नजर मात्र शाळा-महाविद्यालयांत तयार करावी लागते. जातींची ओळख पटविण्याचें हें जुनें, संथ शास्त्र शिकण्यास आज थोडे विद्यार्थी पुढें येतात. आपल्या घरांतील एखाद्या मुलानें वा मुलीनें कोंकणच्या सहलींतून मूठभर ओली वाळू बाटलींत भरून आणली, तर ती टाकून देऊं नये. ती धुवून, वाळवून, भिंगाखालीं पसरावी. वाळूच्या खड्यांत एखादें चिमुकलें, चकलीसारखें वेटोळें दिसलें, तर पन्नास कोटी वर्षें जुन्या घराण्याच्या वंशजाचें घर आपल्या हातीं आलें आहे, असें त्या मुलाला सांगावें. आणि तें कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या दिवशीं मिळालें, तें कागदावर लिहून ठेवावयास लावावें. मोजणीचा आरंभ तेथूनच होतो.